एकाच नदीवरचे दोन रोमन पूल : एक धड, एक तुटका. असे का?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयात दर महिन्याला एखाद्या विषयावर कोणीतरी तासभर बोलते, आणि पुढच्या खेपेला प्राचीन रोमच्या दगडी पुलांविषयी बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी शाळेत इतिहास शिकवते. बांधकामातले मला फारसे कळत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

रोम शहरात टायबर नदीच्या पात्रात एक छोटे बेट आहे. डाव्या काठावरून त्या बेटावर जाणारा पूल लुशियस फाब्रिकियस नावाच्या, रस्त्यांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने इ. स. पू. 62 मध्ये बांधला आणि आजही लोक त्यावरून चालत जातात. तिथून प्रवाहाच्या दिशेने काहीशे मीटर खाली गेले की एमिलियस पुलाचे अवशेष लागतात. रोममधला दगडी बांधणीचा हा पहिला पूल. त्याचे खांब इ. स. पू. 179 मध्ये उभे राहिले आणि त्यांवर दगडी कमानी चढल्या त्या इ. स. पू. 142 मध्ये. हा पूल पुढे अनेकदा पडला आणि अनेकदा दुरुस्त झाला, पण 1598 च्या पुरात त्याचा निम्मा भाग वाहून गेल्यावर तो पुन्हा दगडात बांधण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. आज त्याची एकच कमान पाण्यात उभी आहे आणि रोमचे लोक त्याला सरळ ‘तुटका पूल’ म्हणतात.

नदी तीच, बांधणारे तेच, दगडही साधारण त्याच मुलखातला. मग एक पूल दोन हजार वर्षे टिकावा आणि दुसऱ्याचा सांगाडा उरावा, याचे कारण काय? ‘रोमन बांधकाम फार भक्कम असे’ हे वाक्य मला जागोजागी सापडले, परंतु दोन्ही पूल रोमनच असल्यामुळे त्या वाक्याने काहीच उलगडत नाही. शिवाय आज जे अवशेष म्हणून दाखवले जाते त्यातले खरोखर रोमन किती, हेही मला नीट समजलेले नाही.

श्रोत्यांत शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, निवृत्त मंडळी आहेत. बोरीचा, पांझरेचा, तापीचा पूर सगळ्यांनी पाहिलेला आहे. 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल पुरात गेला, तोही कोणी विसरलेले नाही. त्यामुळे वरवरचे सांगून निभावणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तापीपात्र (भुसावळ)

ताई, नमस्कार. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांच्या देखभालीत गेली, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिले तर चालवून घ्या. सावित्रीच्या दुर्घटनेच्या कारणांविषयी मी येथे काही मत देणार नाही, पण रोमच्या दोन पुलांबद्दल आपण जे विचारले आहे त्याचे उत्तर पाण्याच्या वर नसून पाण्याखाली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पूल पडला म्हणजे कमान पडली, असे बहुतेकांना वाटते. दगडी कमान ही सहजासहजी पडणारी गोष्ट नाही. दगडाला दाब भरपूर सोसतो आणि ताण अजिबात सोसत नाही, म्हणून दगडाची लांब तुळई टाकली तर ती मधोमध मोडते. त्याच दगडाचे पाचरीसारखे तुकडे करून ते गोलाईत बसवले, तर वरचा सगळा भार एका दगडाकडून दुसऱ्याकडे दाबाच्याच रूपाने सरकत खांबापर्यंत पोहोचतो. मात्र कमान केवळ खाली दाबत नाही, ती आपले दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला रेटतही असते. हा रेटा झेलणारे बांधकाम जोवर जागचे हलत नाही तोवर कमान पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, आणि ते वीतभर जरी सरकले तरी सांधे उघडायला लागतात. म्हणून कमान ढासळलेली दिसली की आम्ही लोक आधी खांबाचे बूड तपासतो.

रोमनांना अर्धवर्तुळाकार कमान आवडे, त्यामागे हाच हिशोब होता. अर्धवर्तुळात कमानीची उंची ही तिच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन पायांमधल्या अंतराच्या, निम्मी असते आणि ढोबळ मानाने तिचा आडवा रेटा वरच्या एकूण भाराच्या पावपट भरतो. तीच कमान चपटी करून उंची गाळ्याच्या पाचव्या हिश्शावर आणली, तर रेटा अडीचपट होतो. रेटा कमी हवा म्हणून गोलाई पूर्ण ठेवायची, गोलाई पूर्ण ठेवली की रुंद गाळ्याला रस्ता फार उंच चढवावा लागतो, ते टाळायचे म्हणून गाळे लहान करायचे आणि गाळे लहान केले की नदीत खांब वाढतात. खांबही साधेसुधे नाहीत. शेजारची कमान पडली तरी उरलेल्या कमानीचा एकतर्फी रेटा झेलता यावा इतके ते जाड असत, पुष्कळ ठिकाणी गाळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही अधिक.

आता हे नदीच्या बाजूने पाहा. शंभर हात रुंदीच्या पात्रात तीस हात खांबांनीच अडवले, तर पुराचे तेवढेच पाणी उरलेल्या सत्तर हातांतून जायला हवे, म्हणजे त्याचा वेग वाढणारच. वेगाने आलेले पाणी खांबाच्या तोंडावर आपटते, तिथून खाली बुडी मारते आणि भोवरा करून खांबाच्या बुडाशी तळ उकरू लागते. आमच्या खात्यात याला स्कावर म्हणतात. यातली सगळ्यांत फसवी बाब अशी की खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना, म्हणजे कोणीही खाली उतरून पाहू शकत नाही अशा वेळी. पूर ओसरला की वरून आलेला गाळ आणि वाळू त्याच खड्ड्यात भरते, आणि चार दिवसांनी तपासायला गेलेल्या माणसाला पात्र पूर्वीसारखे सपाट दिसते. आपल्या श्रोत्यांना हे नक्की सांगा. नदीकाठच्या माणसाला ते पटायला वेळ लागणार नाही, कारण वाळूखालचा डोह जागा बदलतो हे त्याने स्वतः पाहिलेले असते.

खोल गाळाच्या नद्यांवर आपल्याकडे रेल्वेचे पूल बांधले गेले ते विहिरीच्या पायावर. वर्तुळाकार भिंत बांधायची, आतली माती काढत जायची, भिंत स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते, आणि पुराचा खड्डा जिथवर पोहोचणार नाही इतक्या खोलीवर ती नेऊन टेकवायची. रोमनांकडे एवढ्या खोल जाण्याचे साधन नव्हते. त्यांची रीत विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात दिली आहे. पाण्यात लाकडी खुंटांची दुहेरी भिंत उभारायची, दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणगवताच्या टोपल्यांत भरलेली चिकणमाती ठेचून बसवायची, मग आतले पाणी फिरत्या मळसूत्राने आणि रहाटांनी उपसून पात्राचा तळ कोरडा करायचा आणि तिथे पाया खणायचा. जमीन मऊ लागली, तर भाजून काळे केलेले अल्डर, ऑलिव्ह किंवा ओक लाकडाचे खुंट ठोकून त्यांवर बांधकाम चढवायचे. रीत उत्तम आहे, फक्त उपसा जितका झेपेल तितकीच खोली मिळते. खाली खडक लागला तर निश्चिंती, आणि गाळच गाळ लागला तर कधी ना कधी एखादा पूर पायाखाली शिरणार.

आता आपले दोन पूल. एमिलियस पूल बेटाच्या खालच्या अंगाला आहे. बेटाने दुभंगलेले दोन प्रवाह तिथे पुन्हा एकत्र येतात आणि त्याच ठिकाणी नदी वळते, त्यामुळे पाणी खांबांवर सरळ न येता तिरके आदळते. त्यात खांब अनेक, आणि अख्ख्या नदीचे पाणी त्यांच्यामधूनच जाणार. फाब्रिकियसला ओलांडायची होती ती बेटाच्या एका बाजूची निम्मी नदी. त्याने सुमारे साडेचोवीस मीटरचे दोनच गाळे घेतले, म्हणजे प्रवाहात एकच मोठा खांब राहिला, आणि त्या खांबाच्या वरच्या अंगात, दोन कमानींच्या मध्ये, सुमारे सहा मीटर रुंदीची आणखी एक छोटी कमान मोकळी ठेवली. पाणी चढत चढत तिथवर आले की तो खांब पुराला भिंतीसारखा अडवत नाही, पाणी त्याच्या अंगातूनच निघून जाते. खांबावरचे दगडाचे ओझेही तेवढे हलके होते. त्या शतकात साडेचोवीस मीटरचा गाळा घेणे हे धाडसाचे काम होते, आणि माझ्या मते पूल वाचला तो या धाडसामुळे. भक्कमपणाचे श्रेय त्यानंतर.

घडीव (धुळे)

तापीपात्र साहेबांनी पाया सांगितला, मी दगडाचे सांगतो. आमच्या घरात दोन पिढ्या दगडकामाच्या आहेत.

रोमन पुलांचा विषय निघाला की लोक ज्वालामुखीच्या राखेवर घसरतात. नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची राख चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे खरे आहे, आणि पाण्यातल्या कामासाठी दोन भाग राख व एक भाग चुना हे प्रमाणही विट्रुव्हियसने दिले आहे. पण ती राख जिथे मिळत नव्हती तिथे रोमन लोक विटा-कौलांचा चुरा वापरत, आणि हे आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना नवे नव्हते. ते चुन्यात विटांची सुरखी घालत, कारण भाजलेली माती चुन्याशी संयोग पावते आणि तो ओलाव्यातही धरतो. काळ्या मातीत आणि नाल्यांच्या काठी मिळणारे कंकर भाजून केलेला चुनाही मुळातच असा गुण घेऊन येतो, कारण त्या खड्यात मातीचा अंश असतोच. चुन्याच्या घाणीच्या गोल चरात बैलाने ओढलेले दगडी चाक तासन्‌तास फिरत राही, आणि मळलेला चुना लोण्यासारखा झाल्याशिवाय गवंडी त्याला हात लावत नसे. पांझरेवरच्या फडांचे जुने दगडी बंधारे पाहिलेल्या माणसाला पाण्यातला चुना काय करतो, ते परदेशातून शिकावे लागत नाही.

उलट रोमन कारागिरांची खरी करामत चुना मुळीच नसलेल्या कामात आहे. स्पेनमध्ये टेगस नदीवरचा अल्कांतारा येथील पूल ट्राजन सम्राटाच्या काळात, इ. स. 104 ते 106 मध्ये, गायस युलियस लासेर याने बांधला. सहा कमानी, सर्वांत मोठा गाळा जवळजवळ 29 मीटरचा, आणि सगळा दगड ग्रॅनाइटचा, तोही चुन्यावाचून एकावर एक बसवलेला. असे काम करायचे तर कमानीच्या प्रत्येक दगडाच्या दोन्ही बाजू वर्तुळाच्या केंद्राकडे वळलेल्या हव्यात आणि शेजारच्या दगडाला पूर्ण अंगाने भिडायला हव्यात. एका कोपऱ्यावरच टेकलेला दगड भार आला की तिथेच फुटतो. चुन्याचा थर कामातले थोडे उणेअधिक पोटात घेतो, कोरड्या सांध्यात ती सवलत नसते. आपला काळा दगड ज्यांनी घडवला आहे त्यांना विचारा. टाकी बोथट होते, भात्यावर नेऊन तिला पुन्हा पाणी द्यावे लागते, आणि तरीही गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) लावल्यावर कोपऱ्यातून उजेड दिसतोच.

दगड उचलण्याचीही एक युक्ती होती. दगडाच्या वरच्या तोंडावर आत रुंद होत जाणारी खाच कोरायची, तिच्यात लोखंडाचे तीन तुकडे असे घालायचे की शेवटचा मधला तुकडा बसला की पहिले दोन बाजूंना फाकून अडकतात, आणि वरून कप्पीने ओढायचे. जितके ओढाल तितकी पकड घट्ट. अशा खाचा पडक्या रोमन बांधकामांत उघड्या दिसतात.

फ्रान्समधला पोन द्यु गार हा पाणी वाहून नेणारा पूल आहे, माणसांच्या रहदारीसाठी तो बांधलेला नव्हता, पण त्याच्याकडे कारागिराच्या नजरेने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सुमारे 49 मीटर उंचीचे ते तीन मजली काम. खालच्या कमानींची रुंदी एकसंध नाही. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या स्वतंत्र दगडी कड्यांनी ती भरली आहे, म्हणजे एका कड्याखालचे सेंटरिंग (बांधताना कमानीला दिलेला लाकडी आधार) बाजूला सरकवून पुढचे कडे त्याच्यावर चढवता येते. काही दगडांवर रोमन कारागिरांची अक्षरे अजून आहेत : ‘दर्शनी बाजू, डावीकडची’ याचे संक्षिप्त रूप आणि पुढे आकडा. दगड खाली मांडून जुळवले, खुणा केल्या आणि वर त्याच क्रमाने बसवले. जागोजागी बाहेर आलेले दगडही तसेच सोडले आहेत, त्यांवर परांचीची लाकडे टेकत असत. काम संपल्यावर ते छाटून टाकण्याची तसदी कोणी घेतली नाही. मला ते फार आवडते.

वाघूर (जळगाव)

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे अवशेषांतले रोमन किती याविषयी, थोडेसे. हे दोन्ही पूल मी पाहिले आहेत.

तुटका पूल बघायची सोयीची जागा म्हणजे त्याच्या शेजारचा पॅलाटिनो पूल. हा 1886 ते 1891 या काळात झाला, आणि गंमत म्हणजे 1598 नंतर उरलेल्या तीन कमानींपैकी दोन कमानी याच नव्या पुलाच्या वेळी काढून टाकण्यात आल्या. म्हणजे नदीने निम्मा पूल नेला आणि उरलेला माणसांनी. राहिलेल्या कमानीवर कोरीव सजावट आणि पंख असलेला ड्रॅगन दिसतो, तो पाहून हे रोमन शिल्प असावे असे कोणालाही वाटेल. तो ड्रॅगन पोप तेरावा ग्रेगरी याच्या घराण्याचे चिन्ह आहे, आणि ती सजावट त्याने 1575 मध्ये केलेल्या दुरुस्तीतली आहे. ती दुरुस्ती जेमतेम तेवीस वर्षे टिकली. प्राचीन रोमन काम शोधायचे असेल तर नजर खाली, खांबाकडे न्यावी.

फाब्रिकियसच्या पुलावरही सरसकट रोमन असे काही नाही. वरचा कठडा 1679 च्या दुरुस्तीतला आहे. कठड्यात चार तोंडे असलेले संगमरवरी खांब बसवले आहेत, त्यांचे चेहरे झिजून गुळगुळीत झाले आहेत. पण कमानींचे दगड, मधली छोटी कमान, म्हणजे पुराची खिडकी, आणि तिच्या आसपासचा आकार हा मूळचा. सर्वांत बघण्यासारखा आहे तो लेख. कमानींच्या माथ्यावर, नदीच्या दोन्ही बाजूंनी, फाब्रिकियसचे नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि हे काम त्याने करवून घेतले व स्वतःच तपासून मान्य केले अशा अर्थाचा मजकूर हातभर अक्षरांत कोरला आहे. काठावर उभे राहून तो सहज वाचता येतो. त्याखेरीज लहान अक्षरांत दुसरा लेख आहे, इ. स. पू. 21 मधल्या कॉन्सल (रोमचे सर्वोच्च अधिकारी) लेपिडस आणि लोलियस यांचा. त्यांनीही पूल तपासून मान्य केला असे तो सांगतो. त्याआधी दोनच वर्षे टायबरला मोठा पूर आला होता, त्यामुळे ही पुरानंतरची फेरतपासणी असावी असे अभ्यासक मानतात. स्वतःच बांधून स्वतःच पास करण्याची ती पहिली ओळ वाचून माझ्या मनात कोणत्या खात्याची आठवण आली, ते येथे लिहीत नाही.

बेटाच्या पलीकडच्या बाजूचा सेस्टियस पूल मात्र ‘रोमन’ म्हणून दाखवू नये असे मला वाटते. टायबरचे काठ बांधून काढताना 1888 ते 1892 या काळात तो उतरवून नव्याने बांधला गेला. जुने काही दगड त्यात वापरले आहेत, इतकेच.

बोरीकाठ (अमळनेर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एवढे मिळेल असे वाटले नव्हते.

दोन शंका उरल्या. तापीपात्र साहेब म्हणतात की शेजारची कमान पडली तरी खांब उरलेल्या कमानीचा रेटा झेलतो. हे प्रत्यक्षात कुठे घडल्याचे दाखवता येईल का? आणि दुसरे म्हणजे ग्रॅनाइटसारखी नावे आमच्या श्रोत्यांना परकी आहेत. आपल्या काळ्या दगडातला, म्हणजे बेसाल्टमधला, एखादा रोमन पूल आहे का?

सातपुडा_पायथा (यावल)

दुसऱ्या शंकेचे उत्तर जर्मनीत आहे. ट्रीर शहरात मोझेल नदीवर जो पूल आहे त्याचे खांब इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले असून ते गडद रंगाच्या बेसाल्टचे आहेत. तो दगड जवळच्या आयफेल या ज्वालामुखीच्या प्रदेशातून आणला होता. त्या जागी आधी लाकडी पूल होता, आणि या दगडी खांबांवरचा मूळचा रस्ताही लाकडाचाच होता. दगडी कमानी मध्ययुगात आल्या, 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने पूल उडवला, आणि आजच्या कमानी 1716 ते 1718 मधल्या आहेत. खांब मात्र बहुतेक तेच. लाल-करड्या कमानी आणि खाली काळे खांब असा तो दुरूनही दोन रंगांत दिसतो. 1986 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पहिल्या उत्तरातल्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. रोमन म्हणजे अर्धवर्तुळ आणि जाड खांब, असे समीकरण त्यातून तयार होते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ लिमिरा येथे 360 मीटर लांबीचा एक रोमन पूल आहे. त्याच्या 28 कमानींपैकी 26 चपट्या आहेत, म्हणजे गाळ्याच्या मानाने उंची पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढीच. चपट्या कमानी युरोपात चौदाव्या शतकात आल्या असे जे सांगितले जाते ते या पुलापुढे टिकत नाही. आणि त्याचे अवशेष ज्या स्थितीत आहेत ती आपल्या ताईंच्या श्रोत्यांना लगेच समजेल. तिथे नदीने पाया उकरला नाही. तिने गाळ आणून टाकला, इतका की खांब आणि कमानींचा बराच भाग जमिनीत गेला आहे आणि माणूस जवळजवळ कमानीच्या माथ्याच्या पातळीवर चालतो. तापीकाठच्या घळींत ज्याने गाळाच्या उभ्या भिंती पाहिल्या आहेत, त्याला नदी पूल गाडूही शकते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तापीपात्र (भुसावळ)

सातपुडा_पायथा यांचा आक्षेप रास्त आहे, आणि लिमिराचे उदाहरण व्याख्यानात जरूर घ्यावे. माझे म्हणणे रोमनांच्या नेहमीच्या पद्धतीपुरते होते. जाड खांबाचा तोटा मी सांगितला, त्याचा फायदा ताईंनी विचारला आहे, तो अल्कांतारामध्ये पाहायला मिळतो.

त्या पुलाची एक कमान 1214 मध्ये लढाईत पाडली गेली आणि ती पुन्हा बांधली गेली 1543 मध्ये, पाचव्या चार्ल्सच्या काळात. मधली तीनशेहून अधिक वर्षे बाकीच्या पाच कमानी तशाच उभ्या होत्या. पुढे 1760 मध्ये, 1809 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात आणि 1836 मध्ये पुन्हा सैन्यांनी त्याच्या कमानी तोडल्या, पण दरवेळी नुकसान तेवढ्यापुरते राहिले. नंतरची दुरुस्ती 1860 ची आहे आणि तिच्यात सांध्यांना चुना भरला. याच्या उलट पेरोने या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकात पॅरिसजवळ नेयी येथे पूल बांधताना खांब गाळ्याच्या साधारण नवव्या हिश्शाइतके बारीक ठेवले. पाण्याला वाट मोठी मिळाली, पण तिथे प्रत्येक कमान शेजारच्या कमानीच्या रेट्यावर तोललेली होती, म्हणून 1772 मध्ये सगळ्या कमानींचे सेंटरिंग एकाच वेळी काढावे लागले. अशा पुलाची एक कमान तोडली, तर बाकीच्याही एकामागून एक जाणार.

अल्कांतारा टिकला याचे आणखी एक कारण आहेच. त्याचे खांब खडकावर उभे आहेत, आणि रस्ता नदीपासून इतक्या उंचावर आहे की पुराला कमानींच्या माथ्यापर्यंत पोहोचणेच जड. तिथे नदीने पूल पाडल्याचा एकही प्रसंग मला माहीत नाही, जे काही पाडले ते सैन्यांनी. एमिलियसचे नेमके उलटे आहे. डॅन्यूबवर ट्राजनसाठी दमास्कसच्या अपोलोडोरसने 103 ते 105 मध्ये बांधलेल्या पुलाची गत तिसरीच. एक किलोमीटरहून लांब, वीस दगडी खांब आणि त्यांवर लाकडी कमानी. शत्रू याच पुलावरून आपल्याकडे येईल या धास्तीने ट्राजननंतरच्या सम्राट हेड्रियनने त्याचा वरचा लाकडी भाग काढवला, असे प्राचीन इतिहासकार डिओ कॅशियस लिहितो. आज दोन्ही काठांवर, एक रुमानियात आणि एक सर्बियात, टोकाच्या खांबांचे पडके ढीग दिसतात, आणि नदीतले दोन खांब 1906 मध्ये जहाजांना अडचण होते म्हणून काढून टाकण्यात आले.

व्याख्यानात एकच चित्र दाखवायची सोय असेल, तर रोमचा पूल न दाखवता इटलीतल्याच रिमिनीचा दाखवावा असे मी सुचवेन. सम्राट ऑगस्टसच्या शेवटच्या वर्षी, इ. स. 14 मध्ये सुरू झालेला आणि टायबेरियसच्या काळात, इ. स. 21 मध्ये पुरा झालेला हा पाच अर्धवर्तुळाकार कमानींचा पूल पांढऱ्या इस्त्रियन दगडाचा आहे, आणि 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला तो उडवता आला नाही. त्याचे खांब रस्त्याशी काटकोनात नाहीत. ते थोडे तिरके, नदीच्या प्रवाहाला समांतर वळवलेले आहेत, त्यामुळे कमानींचे दगडही तिरके घडवावे लागले. घडीव भाऊंना त्यातले कष्ट माझ्यापेक्षा अधिक कळतील. पात्राचा वरून काढलेला नकाशा मिळाला तर तोच फळ्यावर काढा, आणि शेजारी बेटाखालचा टायबरचा वळसा काढून एमिलियसच्या खांबांवर पाणी कोणत्या बाजूने येते ते बाणाने दाखवा.

बोरीकाठ (अमळनेर)

नकाशा मिळाला आहे, तसेच करते. घडीव भाऊ, चुन्याच्या घाणीचे चाक आपल्या भागात कुठे पाहायला मिळेल ते कळवावे, त्याचे छायाचित्र पोझ्झुओलीच्या राखेशेजारी ठेवायचे आहे.

घडीव (धुळे)

ताई, जुन्या किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या आवारात घाणीची दगडी चाके अजून पडलेली असतात, बहुतेक ठिकाणी चर बुजलेला आणि चाक उताणे. पारोळ्याच्या बाजूने जात असाल तर किल्ल्याच्या आसपास विचारून पाहा. आणि छायाचित्र काढताना चाकाची कड जवळून घ्या, वापरातल्या चाकाची कड चुन्याने घासून गुळगुळीत झालेली असते आणि नुसत्या घडवून ठेवलेल्या चाकावर टाकीचे घाव जसेच्या तसे दिसतात.